ते पाने आणि ती पाने

नवी गाडी दारात आली की तिच्यामागून आणखी एक वस्तू बहुधा घरात येते. काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकची पेटी. उघडली की प्रत्येक खाचेत एकेक चकचकीत हत्यार, सगळी मिळून शंभराच्या वर. कुणी आप्त भेट म्हणून देतो, कुणी दिवाळीच्या सवलतीत स्वतःच मागवतो. पेटी डिकीत जाते आणि तिथेच राहते. आमचे मत असे की ही पेटी घेऊ नये. घरच्या घरी गाडीची जुजबी देखभाल करू इच्छिणाऱ्याला दहा-बारा हत्यारे पुरतात. ती एकेक पारखून घ्यावीत, आणि दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपली गाडी नीट वाचून काढावी.

साहित्याच्या चर्चेत हा विषय कुठून उपटला, असे वाचकांस वाटेल. त्याचे एक उत्तर व्याकरणात आहे. 'ती पाने', नपुंसकलिंगी, पुस्तकाची, आपल्या तोंडी दिवसातून शंभरदा येतात. 'ते पाने', पुल्लिंगी, नट फिरवायचे, क्वचितच येतात. एकाचे एकवचन 'पान', दुसऱ्याचे 'पाना'. एकाचे तृतीयेचे रूप 'पानाने', दुसऱ्याचे 'पान्याने'. ज्यांचे आयुष्य ती पाने उलटण्यात गेले त्यांनी ते पाने निवडण्याविषयी बोलावे यात थोडा आगाऊपणा आहे खरा. पण मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत चारचाकी नसलेला माणूस आज विरळा होत चालला आहे, आणि स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडून आतल्या चार वस्तूंची नावे सांगू शकणारा त्याहून विरळा. ही दरी आम्हांस निव्वळ सोयी-गैरसोयीची बाब वाटत नाही. त्याकडे पुढे येऊच. आधी हत्यारांचे बोलू.

हत्याराची निवड मापापासून सुरू होते, आणि माप गाडी ठरवते. पेटी विकणारा याच्या नेमके उलट करतो. तो सगळी मापे देतो आणि निवडीचा प्रश्नच काढून टाकतो. अशा पेट्यांत कित्येकदा इंचांच्या मापाचीही एक ओळ असते. आजच्या कुठल्याही भारतीय मोटारीत त्या ओळीला काम नाही. एके काळी होते. अॅम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश घराण्यातली, तिचे नट इंचांचे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ही फियाटची, म्हणजे इटालियन वंशाची, तिचे मिलिमीटरचे. जुन्या मिस्त्रीला म्हणून दोन्ही संच ठेवावे लागत. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, तेव्हा 19 चा पाना तिथे चालून जाई. अर्धा इंच मात्र 12.7, त्यावर 13 चा पाना ढिला बसे आणि जोर लावताच नटाचे कोपरे झिजून तो 'गोल' होई. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, अॅम्बॅसडरचे 2014 मध्ये. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये गेली. इंचांचे पाने मात्र पेटीत अजून उरले आहेत.

मिलिमीटरमध्येही सगळे आकडे सारख्या योग्यतेचे नाहीत. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि तिच्याबरोबर जपानी मापांची परंपरा आपल्याकडे रुजली. या परंपरेत 10, 12, 14, 17, 19 हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. युरोपीय वळणाच्या गाड्यांत 12 आणि 14 ऐवजी 13 आणि 16 जास्त दिसतात. 9, 11, 15 हे आकडे घरगुती कामात वर्षानुवर्षे लागत नाहीत. आता बाजारातला दुतोंडी पान्यांचा संच पाहावा. 8-9, 10-11, 12-13, 14-15 अशा जोड्या. म्हणजे प्रत्येक पान्याचे एक टोक कामाचे आणि दुसरे बहुधा शोभेचे. म्हणून गाडी वाचावी, असे आम्ही म्हणतो. गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका, जी हातमोज्यांच्या खणात पारदर्शक पिशवीतून कधी बाहेर येत नाही, ती एकदा काढावी. मग बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टरचा डबा, हेडलाइटची मागची बाजू, चाकाचे नट पाहावे, शक्यतो कुणाचा पाना उसना घेऊन लावून पाहावे आणि आकडे कागदावर टिपावे. बॅटरीच्या टर्मिनलला बहुतेक ठिकाणी 10 लागतो. चाकाच्या नटाला बऱ्याच मारुती गाड्यांत 19, ह्युंदाईत 21. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगला 16 किंवा 21 ची खोल गोटी. अर्ध्या तासाच्या या वाचनानंतर कागदावर सात-आठ आकड्यांपेक्षा जास्त काही उरत नाही. तीच खरेदीची यादी.

आता प्रत्यक्ष पान्यांकडे. पाना दोन जातींचा: उघड्या तोंडाचा आणि रिंगचा. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजूंना धरतो, रिंग सगळीकडून कवेत घेते. म्हणून गच्च बसलेला नट सोडवायला रिंग, आणि सैल झाल्यावर भराभर फिरवायला उघडे तोंड. उघड्या पान्याचे तोंड दांड्याशी सरळ नसून 15 अंशांनी कललेले असते. पुष्कळांना तो घडणीतला दोष वाटतो. अडचणीच्या जागी पाना थोडा फिरवला, काढला, पालथा करून पुन्हा लावला, की या तिरकेपणामुळेच 30 अंशांच्या चिंचोळ्या जागेतही नट पुढे सरकत राहतो. ज्या कोण्या कारागिराला हे प्रथम सुचले त्याने वस्तूकडे किती वेळ पाहिले असेल! आमची शिफारस अशी की एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला उघडे तोंड, दोन्ही एकाच मापाची, असे जोडपाने घ्यावेत: 8, 10, 12, 13, 14, 17. सहा पुरेत.

पान्याच्या लांबीकडेही पाहावे. 8 चा पाना बोटभर, 19 चा हातभर. हे काही धातू वाचवण्यासाठी नाही. ज्या बोल्टचे डोके 10 चे असते त्याची जाडी बहुधा 6 मिलिमीटर, आणि त्याला साधारण 10 न्यूटन-मीटर इतकाच पीळ सोसतो. चाकाच्या नटाला त्याच्या दहापट, लहान गाड्यांत साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतो. आखूड दांड्यावर मनगटाचा जोर मोजकाच पोचतो. म्हणजे पान्याच्या लांबीतच एक संयम घडवलेला असतो. त्याला नळीचा तुकडा जोडून लांब करणारा माणूस तो संयम मोडतो, आणि पुढच्या क्षणी बोल्टचे मुंडके हातात येते.

यानंतर गोट्या. ज्याला दुकानाच्या पाटीवर सॉकेट म्हणतात त्याला गॅरेजात गोटी म्हणतात, आणि ज्या कडकड वाजणाऱ्या दांड्याने ती फिरते ते रॅचेट. गोटीच्या मागच्या चौकोनी भोकाचे माप मात्र अजून इंचांत आहे: पाव, तीन-अष्टमांश, अर्धा. इथे आपली जुनी मोजणी आपसूक मदतीला येते. इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन-अष्टमांश म्हणजे तीन सूत, अर्धा म्हणजे चार. दशमान पद्धतीचा कायदा 1956 मध्ये झाला, पण सुतार, गवंडी आणि हार्डवेअरचा दुकानदार सूत विसरलेले नाहीत, आणि जगभरच्या गोट्यांनी त्यांची पाठराखण केली आहे. घरासाठी तीन सुताचे रॅचेट आम्हांस सर्वांत समंजस वाटते. अर्ध्या इंचाचे रॅचेट चाकाला उत्तम, पण बॉनेटखालच्या नाजूक बोल्टांना त्याचा जोर झेपत नाही. गोटी सहा कोनांची घ्यावी, बारा कोनांची नव्हे. बारा कोनांची पटकन बसते हे खरे, पण झिजलेल्या नटावर ती घसरते. सहा कोनांची नटाच्या सपाट बाजूंवर दाब देते.

अॅडजस्टेबल पान्याचा मोह टाळावा. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पान्याला आजचे रूप दिले, आणि कल्पना म्हणून ती थोरच आहे: एक पाना, सर्व नट. पण सर्वांना बसणारा पाना कुणालाच नीट बसत नाही. त्याच्या जबड्यात नेहमी केसभर फट राहते आणि ती फट नटाचे कोपरे खाते. नळाच्या कामाला तो ठेवावा, गाडीला लावू नये. पक्कडीचेही तेच. पक्कड धरण्यासाठी, वाकवण्यासाठी, ओढण्यासाठी असते. नट पक्कडीने सोडवू पाहणाऱ्याला गॅरेजात ज्या नजरेने पाहतात ती नजर आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी राखून ठेवतो.

स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीत एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. फुलीच्या आकाराचे सगळे स्क्रू एक नव्हेत. हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या नावाचा स्क्रू 1936 पासूनचा. जपानी प्रमाणाचा फुलीचा स्क्रू दिसायला तसाच, पण त्याच्या खाचेची घडण वेगळी. जपानी स्क्रूच्या डोक्यावर कित्येकदा सुईच्या टोकाएवढा ठिपका असतो, ती त्याची खूण. त्यात फिलिप्सचे टोक घातले की ते तळाशी पोचत नाही, फिरवताना वर उसळते आणि खाच खरवडते. मग स्क्रूला दोष, कंपनीला दोष. दोन शब्द समानार्थी दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरा खपत नाही, हे आपण वर्गात किती वेळा सांगतो! एक चपटा, एक मध्यम फुलीचा आणि गाडी जपानी वळणाची असेल तर एक जपानी टोकाचा, असे तीन घ्यावेत.

सर्वांत जास्त विचार जिथे करायचा ती जागा म्हणजे चाक. घरगुती देखभालीत जीव जाण्याची शक्यता इथेच आहे, बाकी सगळीकडे फार तर कातडी सोलते. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, गाडीखाली शिरण्यासाठी नसतो. हे वाक्य माहितीपुस्तिकेत असते आणि तरीही दरवर्षी कुणी ना कुणी सायलेन्सर पाहायला म्हणून आत सरकतो. खाली हात जरी घालायचा असेल तरी जमिनीवर घट्ट बसणारे दोन लोखंडी स्टँड हवेत, आणि त्यांच्या किमतीत काटकसर करू नये. विटांच्या थरावर तर मुळीच भरवसा ठेवू नये, वीट सूचना न देता फुटते. सपाट जागा, हँडब्रेक, गिअर, कर्णाच्या टोकाकडील चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर, हा क्रम मोडायचा नाही. नट आधी ढिले करायचे आणि मग गाडी उचलायची. आवळताना समोरासमोरचे नट आलटून-पालटून घ्यायचे, ओळीने नाही.

चाकाचे नट सोडवायला गाडीबरोबरचा आखूड पाना पुरत नाही, कारण टायरवाला ते हवेच्या बंदुकीने आवळतो आणि तेही अनेकदा बेसुमार. हमरस्त्यावर रात्री स्टेपनी लावायची वेळ येते तेव्हा सत्तर किलोचा माणूस त्या पान्यावर उभा राहिला तरी नट हलत नाही. आपल्याकडच्या कित्येक स्त्रिया गाडी उत्तम चालवतात आणि चाकाच्या या एका प्रसंगी परावलंबी होतात, त्यामागे बहुधा ताकदीचा अभाव नसून त्या बंदुकीचा अतिरेक असतो. उपाय साधा आहे. हातभर लांबीचा एक दांडा आणि आपल्या मापाची एक खोल गोटी घ्यावी. टायरवाल्याकडून आल्यावर घरच्या अंगणात एकदा सगळे नट एकेक करून सोडवून पुन्हा आवळावेत. चाळीस सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण 25 किलोचा भार म्हणजे 100 न्यूटन-मीटर. इतके गणित साहित्याच्या माणसाला झेपायला हरकत नाही. ज्यांना अंदाज नको त्यांनी टॉर्क रेंच घ्यावा. ठरवलेला पीळ पोचला की तो 'टक्' असा आवाज करतो. आमच्यात याबाबत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, टॉर्क रेंच हेच पहिले हत्यार. दुसरा म्हणतो, हाताला पीळ कळू लागेपर्यंत यंत्राने तो सांगू नये. दोन्ही पक्षांना एवढे मान्य आहे की टॉर्क रेंचने नट सोडवायचा नसतो, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची असते. अर्थात 2020 च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीवाचून विकण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हा आधी डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे की नाही ते पाहावे!

उरलेली हत्यारे चटकन सांगून टाकतो. डोक्याला बांधायचा दिवा, टायरचा दाब मोजायचे यंत्र, साधा मल्टिमीटर, एक लांब नाकाची पक्कड, हातमोजे. एवढ्यात बॅटरीची टोके साफ करणे, दोन्ही फिल्टर बदलणे, वायपर, बल्ब, फ्यूज, स्पार्क प्लग आणि चाक, इतकी कामे होतात. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडायचे, जोडताना शेवटी. ब्रेक, एअरबॅग, टायमिंग बेल्ट, वातानुकूलनाचा गॅस यांच्या वाटेला जाऊ नये. विजेवरच्या गाडीत नारिंगी रंगाची जाड केबल दिसली की हात मागे घ्यावा.

दुकानाविषयी दोन शब्द. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे हत्यार हातात घेऊन पाहता येते, जे पडद्यावरच्या चित्रात शक्य नाही. चकाकीला भुलू नये. मुलामा कोणत्याही लोखंडावर चढतो. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम पोलादाची खूण आहे का, मापाचा आकडा ठसठशीत उमटवलेला आहे का, जबड्याच्या आतल्या कडा सरळ आहेत का, हे पाहावे. शक्य तर खिशात एक नवा बोल्ट नेऊन पाना त्यावर बसवून पाहावा, डुलता कामा नये. परदेशी नावाचीच गरज नाही. देशातली हत्यारे मुख्यतः जालंधर-लुधियानात घडतात, पण आपल्या नाशिकच्या सातपूर वसाहतीतही टपारियाचे पाने आणि पक्कडी घडतात. तो कारखाना स्वीडिश तंत्रसाहाय्याने उभा राहिला. नाशिकची ओळख कवींमुळे आणि द्राक्षांमुळे आपण पुरेशी करून दिली आहे. या पक्कडींचा उल्लेख मात्र अजून कुठल्या साहित्यसंमेलनाच्या स्वागताध्यक्षांच्या भाषणात आम्ही ऐकलेला नाही.

इथे त्या दरीकडे येतो. गॅरेजातली मराठी ही एक भरघोस भाषा आहे. पाना, गोटी, आटे, वायसर, आटे गेले, नट गोल झाला, बोल्ट खाल्ला, हात टाइट, अर्धा फेरा सोड. 'आटे' हा शब्द पाहा. स्क्रूवरच्या त्या गोल चढत जाणाऱ्या कंगोऱ्यांना याहून नेमका शब्द कुठल्या समितीला घडवता आला नसता. गोटी म्हणणारा माणूस मुलांच्या खेळातून शब्द उचलतो आणि पोलादावर ठेवतो. ज्याला आपण रूपकप्रक्रिया म्हणून दोन तासिका शिकवतो ती त्याने एका श्वासात उरकलेली असते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. सुतारा-लोहाराच्या हत्यारांचे शब्द वेचण्यात त्या परक्या माणसाने कमीपणा मानला नव्हता. आज बोलीभाषांवर प्रबंध भरपूर होतात, पण त्यांतली बोली बहुधा भूगोलाची असते, धंद्याची नसते. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या गॅरेजात जाऊन शे-दीडशे शब्द टिपून आणणारा विद्यार्थी आम्हांस हवा आहे, आणि त्यासाठी त्याला एक तरी नट सोडवता आला पाहिजे. माहितगारासमोर मुके उभे राहून शब्द मिळत नाहीत.

हायडेगरची 1927 मधली हातोडी मात्र आमच्या वर्गांत नियमाने येते. वापरात असलेले हत्यार दिसत नाही, मोडले की दिसते, हे सूत्र विद्यार्थी उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहितात. रॉबर्ट पर्सिग यांच्या 1974 च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' या पुस्तकातला प्रसंगही पुष्कळांना ठाऊक असतो: मित्राच्या महागड्या मोटारसायकलचे हँडल सैल झाले आहे, निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी आत बसवायला सुचवतो, आणि मित्र दुखावतो. त्या मित्राला यंत्र हवे आहे, यंत्राचे यंत्रपण नको आहे. अमेरिकन संदर्भात हे यंत्रविरोधाचे मानसशास्त्र असेल. आपल्याकडचा दुरावा निराळ्या मातीचा आहे. इथे लेखणी कुणाच्या हाती आणि हत्यार कुणाच्या हाती, हे जन्माने ठरत आले. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो. त्या दिवशी पांढरपेशा घरात पूजेला ठेवायला हत्यार सापडत नाही म्हणून पेन आणि लॅपटॉप मांडतात. तीही त्यांच्या धंद्याची साधनेच, त्यात वावगे काही नाही. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ग्रीस लागलेल्या हाताला चहाचा कप वेगळा निघतो, हे त्याच घरातले आहे.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो हलका नाही. पगारदार प्राध्यापक हाताने फिल्टर बदलू लागले तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, आणि रविवारी सकाळी दहाचा पाना धरल्याने कुणी श्रमिक होत नाही. दुसरा भाग शंभर टक्के खरा आहे. ज्याचे घर पान्यावर चालते आणि ज्याचा फावला वेळ पान्यावर जातो त्यांच्यात साम्य शोधणे हा भोंगळपणा होईल. गॅरेजात 'बारा-तेरा दे' म्हटल्यावर न पाहता नेमका पाना पुढे करणारे पोरगे आकडे पान्यांवर शिकले आहे, आणि कायद्याने ते त्या वेळी शाळेत असायला हवे. त्याच्याकडे पाहून श्रमसंस्काराचे कौतुक करणाऱ्यांत आम्ही नाही. पहिला भाग मात्र आम्हांस पटत नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा धंदा फिल्टर बदलणाऱ्या गिऱ्हाइकाने बुडालेला नाही. तो बुडतो आहे काचेच्या भिंतीमुळे, जिच्या अलीकडे गिऱ्हाईक कॉफी पीत बसते आणि पलीकडे गाडी जाते. तिथून जे येते ते बिल. आमच्यातल्या एकांच्या बिलात एअर फिल्टर बदलल्याची नोंद होती. दोन क्लिपा काढून डबा उघडला तेव्हा आत धुळीने काळवंडलेला जुनाच फिल्टर होता. उघडून पाहण्याला हत्यारसुद्धा लागले नाही. लागली ती फक्त डबा कुठे आहे याची माहिती आणि तो उघडायचा आपल्याला अधिकार आहे ही जाणीव. दुसऱ्या खेपेस नोंद खोटी लिहिली गेली नाही.

उलट ज्याने स्वतः एक गंजलेला नट सोडवला आहे तो मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करीत नाही. अर्धा तास घाम गाळून जे हलले नाही ते समोरच्या माणसाने तेलाचे दोन थेंब, हातोडीची एक हलकी टिचकी आणि नुसत्या कानाने ऐकून सोडवले, हे पाहिल्यावर दोनशे रुपये जास्त वाटत नाहीत. ज्याने कधी काही उघडलेच नाही त्याला 'पाच मिनिटांचे तर काम' वाटते. आमच्या पाहण्यात मिस्त्रीशी अरेरावी करणारी माणसे बहुतेक दुसऱ्या वर्गातली आहेत.

हत्यारे ठेवावीत कशात, हा शेवटचा प्रश्न. प्लास्टिकच्या खाचांपेक्षा जाड कापडाची, खण शिवलेली गुंडाळी बरी. कोणताही शिंपी शिवून देतो, डिकीत खडखडत नाही, आणि अंथरली की काय कमी आहे ते लगेच दिसते. पावसाळ्याच्या तोंडाशी, कोकणात तर वळवाचा पहिला शिडकावा झाला की लगेच, प्रत्येक पान्यावरून इंजिन ऑइलचा बोळा फिरवावा. कापड ओले राहू देऊ नये. उसनवारीचा नियम पुस्तकांसारखाच ठेवावा: वहीत नाव आणि तारीख. 17 चा पाना परत येतो, 19 चा येतो, 13 चाही येतो. 10 ची गोटी जगात कुठेच परत येत नाही, निदान बॉनेटखालच्या कुठल्याशा कपारीत पडून कायमची गडप तरी होते. ती सुरुवातीलाच दोन घ्यावी.